एकतर्फी व्रत

संन्यास म्हणजे सुटणे, ही समजूत तापीकाठच्या माणसाच्या मनात इतकी खोलवर रुजलेली आहे की ती त्याला कोणी शिकवावी लागत नाही. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक खेतियाकडून उतरून शहाद्यावरून प्रकाशाला येतात, तापी-गोमाईच्या संगमावर मुक्काम करतात आणि शूलपाणीच्या झाडीला वळसा घालून तळोद्याच्या वाटेने पुन्हा आपल्या नदीकडे वळतात. खानदेशातील महानुभाव मठांतले संन्यासी झोळी घेऊन गावोगाव हिंडतात. आणि सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या आमच्या पुरुषोत्तमनगरात, जेथे वर्षाचे सारे गणित गळीत हंगामाने बांधलेले असते, तेथेही दारी आलेल्या अशा पुरुषाला शिधा घालताना ‘तुम्हांला कोणी पाठविले’ असे कोणी विचारीत नाही. ज्याने घरदार, गोत आणि गाव सोडले त्याच्यावर हुकूम चालविणारा आता कोणी उरलेला नाही, हे आपण मनोमन धरूनच चाललेलो असतो, आणि त्याच्याविषयी आपल्याला वाटणाऱ्या आदरात या मोकळेपणाच्या हेव्याचाही थोडा अंश असतो.

याच नंदुरबार जिल्ह्यात दुसऱ्या एका प्रकारचे विरक्त पुरुष राहतात आणि त्यांच्याबाबत तोच प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. नंदुरबारला येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट पंथाच्या, धर्मगुरूंचे जनसेवा मंडळ आहे. कॅथलिक व्यवस्थेत हा सारा प्रदेश १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो, आणि त्या धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे स्वतः येशूसंघाचेच सभासद होते. या संघातील मनुष्याने विवाह केलेला नसतो, त्याच्या नावावर जमीन नसते, बँकेत त्याच्या हक्काची पुंजी नसते. इथवर आपल्या संन्याशाशी त्याचे साम्य आहे. परंतु त्याला ‘तुम्हांला येथे कोणी पाठविले’ असे विचारले तर तो नाव, हुद्दा आणि तारीख सांगू शकतो, आणि उद्या त्याच माणसाचे दुसरे पत्र आले तर तो आपली ट्रंक भरून निघतो. सर्व काही सोडलेल्या माणसाने उरलेली एकमेव वस्तू, म्हणजे स्वतःची इच्छा, तीही दुसऱ्या मर्त्य माणसाच्या हाती का सोपवावी? आणि सोपविल्यानंतर जो उरतो तो स्वतंत्र पुरुष म्हणावयाचा की नाही? व्रतस्थ संघात धर्मगुरू कसा घडवितात याची हकीकत पाहू गेले असता हा प्रश्न पायरीपायरीला आडवा येतो, आणि तो टाळून केलेले त्या शिक्षणक्रमाचे कोणतेही वर्णन मला अपुरे वाटते.

कॅथलिक धर्मगुरू दोन प्रकारचे असतात, हे येथे सांगून टाकले पाहिजे. एक धर्मप्रांताचा: तो आपल्या बिशपाच्या अधिकाराखाली सामान्यतः एकाच मुलुखात राहून गावकऱ्यांची मिस्सा, बाप्तिस्मा, लग्ने आणि अंत्यविधी पाहतो, वसईच्या किरिस्तांवांना हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. दुसरा संघाचा: फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, सालेशियन अशा एखाद्या व्रतस्थ संघात तो प्रथम प्रवेश करतो, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतो, आणि गुरुदीक्षा त्याला पुढे यथावकाश मिळते किंवा मिळतही नाही, कारण आजन्म ‘ब्रदर’ म्हणून राहणारेही त्याच व्रतांनी बांधलेले असतात. म्हणजे येथे व्रत आधी आणि पौरोहित्य नंतर. धर्मप्रांताच्या सेमिनरीत मुलगा जातो तो धर्मगुरू होण्यासाठी; संघाच्या दारात तो जातो तेव्हा आपले पुढे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार संघाला देण्यासाठी जातो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी असा ठराव केला त्यापूर्वी धर्मगुरूंच्या शिक्षणाची सर्वत्र सारखी अशी शिस्त नव्हती. परंतु येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या संघाची तालीम त्याआधीच आखली होती, आणि ती त्याने ग्रंथांतून आखली नव्हती.

हा इग्नेशियस मूळचा बास्क मुलखातला सरदारपुत्र. १५२१ साली पाम्पलोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचले, आणि बरा झाल्यावर मानरेसा येथे महिनेच्या महिने भिक्षा मागत, उपवास करीत, केस-नखे वाढवून तो राहिला. आपल्याकडे असा पुरुष बहुधा तेथेच सिद्ध झाला असता. परंतु यानंतर त्याने जे केले ते मला त्याच्या सर्व तपश्चर्येपेक्षा अवघड वाटते: वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात तो लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिनची रूपे घोकू लागला. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात सात वर्षे, १५३४ साली माँमार्त्र येथे सहा सोबत्यांसह व्रत, १५३७ मध्ये गुरुदीक्षा, आणि दीक्षेनंतरही पहिली मिस्सा अर्पण करण्यासाठी दीड वर्षाची प्रतीक्षा. १५४० साली पोपने संघाला मान्यता दिली तेव्हा इग्नेशियस पन्नाशीला टेकला होता. संघाच्या शिक्षणक्रमात जी दीर्घता आणि जे वारंवार पहिल्या यत्तेत परत जाणे दिसते ते या एका माणसाच्या आयुष्याचा ठसा आहे.

आजही संघात प्रवेश करणाऱ्या तरुणाची सुरुवात दोन वर्षांच्या नॉव्हिशिएटने होते. या दोन वर्षांत पदवी नाही, परीक्षा नाही, आणि बाहेरच्या जगाला दाखविता येईल असे काही हाती लागत नाही. मूळ नियमाने नवदीक्षितासाठी सहा अनुभव लावून दिले आहेत: महिनाभर मौनात राहून आध्यात्मिक साधना, महिनाभर रुग्णालयात रोग्यांची सेवा, महिनाभर पैशावाचून यात्रा, घरातली हलकी म्हणून समजली जाणारी कामे, मुलांना आणि अशिक्षितांना धर्मशिक्षण, आणि शेवटी प्रवचन. यांपैकी तिसऱ्याकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे. खिशात दमडी न ठेवता, दारोदार भिक्षा मागून, मिळेल ते खाऊन आणि मिळेल तेथे झोपून हा तरुण निघतो. निकृष्ट अन्नाची आणि निकृष्ट बिछान्याची त्याला सवय व्हावी, आणि पैशावर किंवा इतर निर्मित वस्तूंवर ठेवलेला भरवसा सोडून त्याने तो ईश्वरावर ठेवावा, हा त्यातील हेतू नियमातच नमूद आहे. चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना स्वदेश आणि स्वजन सोडून अटन करावयास आणि भिक्षान्नावर राहावयास लावले, त्याच्याशी याचे नाते कोणाच्याही सहज ध्यानी येईल. समर्थ रामदासांच्या मतेही भिक्षा ही केवळ पोट भरण्याची सोय नव्हती. तिच्या निमित्ताने महंताने लोकांत मिसळावे, लोकांची पारख करावी, असे त्यांचे सांगणे होते. आणि समर्थांचा महंत तर पाठविलेला असे, नेमलेल्या मठात जाऊन बसे. तेव्हा ‘पाठविला जाणारा विरक्त’ ही कल्पना मराठी मुलखाला अगदीच परकी होती असे म्हणता येणार नाही. ती आपल्या स्मरणात मागे पडली, एवढेच.

या बाबतीत पुण्यात राहिलेल्या गी दल्यूरी या फ्रेंच जेझुइटाचे स्मरण होते. आळंदीहून पंढरीला जाणाऱ्या पालखीबरोबर तो वारकऱ्यांसह पायी चालला, आणि विठ्ठलसंप्रदायावरचा त्याचा प्रबंध डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाची विद्वत्ता बाजूला ठेवली तरी, आपल्या संघाने यात्रेच्या रूपाने शिकविलेली गोष्ट येथील शेतकरी दरवर्षी पेरणी उरकून, कोणत्याही नॉव्हिशिएटावाचून करतो, हे त्या माणसाने आपल्या पायांनी पाहिले. वारकरी मात्र द्वादशी सोडून घरी परततो. व्रतस्थाला परतण्यासाठी घर ठेवलेले नसते, आणि भेद पडतो तो येथे.

सहा अनुभवांत पहिला म्हणून जी तीस दिवसांची साधना सांगितली तिच्यावर सारी इमारत उभी आहे. तिची रीत इग्नेशियसने एका लहानशा पुस्तकात लिहून ठेविली आहे, आणि ते पुस्तक वाचण्यासाठी नसून करण्यासाठी आहे. पाककृतींच्या वहीप्रमाणे नुसते वाचून त्याचा स्वाद कळत नाही. त्यातील एक बारीकसा तपशील सांगण्याजोगा आहे. आपल्या एखाद्या विशिष्ट दोषावर लक्ष ठेवावयाचे असेल तर साधकाने आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या आखाव्या. दुपारच्या जेवणानंतर एका रेघेवर आणि रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके द्यावे. मग सकाळची रेघ संध्याकाळच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. दिवसागणिक ही चिन्हे आकाराने लहान होत जातात, जणू दोषासाठी ठेवलेली जागाच आखडत चालली आहे. एखाद्या पेढीवरच्या रोजकीर्दीसारखी ही नोंद, आणि तीत दुसऱ्या कोणाची सही लागत नाही. पाहणारा प्रथम म्हणेल की आत्म्याची अशी खतावणी मांडणे हे फार कोरडे काम झाले. मला तसे वाटत नाही. आपला राग, आपली ईर्ष्या, आपला आळस यांविषयी आपण बहुधा ठोकळमानाने बोलतो, आणि ठोकळमानाने केलेल्या कबुलीजबाबाला फारशी किंमत द्यावी लागत नाही; ठिपका मात्र द्यावयाचा तर तो कोणत्या क्षणी पडला हे आठवावे लागते.

त्याच पुस्तकात साधना देणाऱ्या गुरूला एक ताकीद आहे. त्याने साधकाला अमुक व्रताकडे किंवा तमुक जीवनक्रमाकडे ढकलू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहून, निर्मात्याला आपल्या निर्मितीशी प्रत्यक्ष व्यवहार करू द्यावा. आणि साधकाला सांगितले आहे की प्रत्येक ध्यानाच्या आरंभी आपल्याला काय हवे आहे ते त्याने ईश्वरापाशी स्पष्ट मागावे. या दोन गोष्टी एकत्र घेतल्या म्हणजे या तालमीविषयीचा एक मोठा गैरसमज दूर होतो. इच्छा मारून टाकणे हा तिचा हेतू असता तर दिवसातून चार-पाच वेळा इच्छा उच्चारावयास तिने लावले नसते. आरोग्य हवे की आजार, संपत्ती हवी की दारिद्र्य, दीर्घायुष्य हवे की अल्पायुष्य, यांविषयी आधीच एका बाजूला कललेले मन ठेवू नये, अशी जी तटस्थता इग्नेशियस मागतो ती इच्छाशून्यता नव्हे. लहान लहान इच्छांचा गलका थांबवून, खरोखर आपलीच अशी एक खोल इच्छा ऐकू यावी म्हणून केलेली ती शांतता आहे. पाचारण असे ज्याला कॅथलिक लोक म्हणतात ते या इच्छेहून निराळे नाही, असे मी समजतो.

आता आज्ञापालनाकडे येऊ. इग्नेशियसने १५५३ साली पोर्तुगालमधील आपल्या बांधवांना आज्ञापालनावर एक दीर्घ पत्र लिहिले, आणि संघाच्या नियमावलीत तर आज्ञाधारक मनुष्याने इकडून तिकडे नेले तरी विरोध न करणाऱ्या मृतदेहाप्रमाणे किंवा म्हाताऱ्याच्या हातातील काठीप्रमाणे असावे, अशा उपमा घातल्या. या उपमांनी संघाचे फार नुकसान केले आहे आणि ते योग्यच झाले. विसाव्या शतकात ‘मला हुकूम होता’ एवढ्या एका वाक्याच्या आडोशाने माणसांनी काय काय केले हे पाहिल्यानंतर, प्रेताच्या आज्ञाधारकतेची स्तुती कोणालाही निर्धास्तपणे करता येणार नाही. नियमावलीतच जेथे पाप दिसते तेथे आज्ञा बंधनकारक नाही असे म्हटले आहे, आणि आज्ञा मिळाल्यावर प्रार्थनेअंती आपली अडचण वरिष्ठापुढे मांडण्याची मुभाही प्रत्येकाला आहे, हे खरे. तरीही अधिकार ज्याच्या हाती आहे तो मनुष्यच आहे आणि मनुष्याला अधिकाराची नशा चढते, हेही तितकेच खरे.

मला विशेष मोलाची वाटते ती ही गोष्ट की चर्चच्या कायद्याने हे भय ओळखून काही भिंती बांधल्या आहेत. नॉव्हिशिएटाचा आचार्य आपल्याच घरातील नवदीक्षितांचे पापनिवेदन सामान्यतः ऐकत नाही. त्यांच्यापैकी कोणी आपण होऊन मागितले तरच अपवाद. ज्याला ठेवावयाचे की काढावयाचे हे ठरवायचे आहे, त्याच्या कानी संस्काराच्या गुप्ततेतले बोल पडू नयेत, हा त्यामागचा विचार आहे. येशूसंघात प्रत्येकाने वर्षातून एकदा आपले अंतःकरण प्रांतप्रमुखापुढे उघडे करण्याची जुनी चाल आहे, आणि कोणाला कोठे पाठवावयाचे ते या निवेदनानंतर ठरते. इतर संघांत मात्र वरिष्ठाने असे निवेदन मिळविण्यासाठी कोणावर दडपण आणणे कायद्याने वर्ज्य केले आहे. एकाच चर्चमध्ये दोन रिवाज शेजारी शेजारी नांदतात, यावरून हा प्रश्न किती नाजूक आहे ते दिसते. माझा कल विचाराल तर, पाठविणाऱ्याने पाठविल्या जाणाऱ्याला आतून ओळखल्यावाचून पाठवू नये या मताकडे आहे. परंतु ज्या घरात वरिष्ठ स्वतः कोणापुढे तितकाच उघडा होत नाही त्या घरात या चालीची हुकूमत व्हावयास वेळ लागणार नाही.

दोन वर्षे संपली म्हणजे पहिली व्रते होतात, आणि या शिक्षणक्रमातील सर्वांत विलक्षण गोष्ट येथे घडते. येशूसंघातील तरुण ही व्रते मुदतीची घेत नाही, यावज्जीव घेतो. इतर बहुतेक संघांत प्रथम काही वर्षांच्या कराराने व्रते होतात, ती नवी करीत करीत मग कायम होतात. येथे मात्र विशी-पंचविशीचा मुलगा एकदम जन्मभराचा शब्द देऊन बसतो. आणि संघ? संघ त्या दिवशी तसा शब्द देत नाही. अंतिम व्रतांपर्यंत, म्हणजे आणखी दहा-पंधरा वर्षे, योग्य कारण असेल तर संघाला त्याला निरोप देता येतो. एका बाजूने कायमची सनद लिहून दिलेली आणि दुसऱ्या बाजूने अद्याप रुजू न झालेली, असा हा एकतर्फी व्यवहार आहे. न्यायाच्या काट्यावर तो टिकावयाचा नाही. मजुराशी, कुळाशी किंवा नोकराशी असा करार कोणी केला तर आपण त्याला जुलूम म्हणू, आणि तसे म्हणणे बरोबर ठरेल.

तरीही मी या एकतर्फीपणाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण स्वातंत्र्याच्या ज्या प्रश्नापासून आपण निघालो त्याचे उत्तर असलेच तर ते येथे आहे असे मला वाटते. व्यवहारातील आपले बहुतेक स्वातंत्र्य हे हात राखून देण्याचे स्वातंत्र्य असते: तू इतके दे म्हणजे मी इतके देईन, तू फिरलास तर मीही फिरेन. हे स्वातंत्र्य मौल्यवान आहे, आणि त्यावाचून बाजार, न्यायालय आणि सहकारी संस्था चालणार नाहीत. परंतु मनुष्याला याहून वेगळेही एक सामर्थ्य आहे, ते म्हणजे पावती न मागता देण्याचे. ज्याच्याकडे ते नाही त्याला आपण शहाणा म्हणू. पूर्णपणे मोकळा म्हणावयास जीभ अडखळते, कारण समोरचा काय करील यावर त्याचे पुढचे पाऊल अवलंबून आहे. परिक्रमावासी नदीला कसलीही हमी मागत नाही. नदी जडच आहे. व्रतस्थ मात्र चुकणाऱ्या, विसरणाऱ्या, प्रसंगी अन्याय करणाऱ्या माणसांच्या समूहाला तोच भरवसा देतो. म्हणून मला त्याचा त्याग आपल्या संन्याशाहून थोर वाटतो असे नव्हे. तो अधिक धोक्याचा वाटतो, आणि धोका पत्करल्यावाचून या प्रकारच्या स्वातंत्र्याची कसोटी लागत नाही.

हा धोका कल्पनेतला नाही. १७७३ साली पोप चौदावा क्लेमंट याने युरोपातील राजांच्या दबावाखाली सबंध येशूसंघच विसर्जित केला. ज्याच्या आज्ञेसाठी त्यांनी एक चौथे विशेष व्रत घेतले होते त्यानेच त्यांना मोडीत काढले. संघाचा प्रमुख लोरेन्झो रिच्ची रोमच्या किल्ल्यात कैदेत पडला आणि १७७५ साली तेथेच वारला. १८१४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला, परंतु मधल्या एकेचाळीस वर्षांत जे मेले त्यांनी आपला एकतर्फी शब्द पाळला होता की तो व्यर्थ गेला होता, हे ठरविणे सोपे नाही.

दुसरा अन्याय आपल्या मुलखातला आहे, आणि त्याविषयी कॅथलिक लेखक बोलताना थोडे हळू आवाजात बोलतात असा माझा अनुभव आहे. येशूसंघाचा फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरला. १५७५ मध्ये केरळातील पेद्रो लुईस नावाच्या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला संघाने आत घेतले. आणि त्यानंतर विसर्जनापर्यंतच्या जवळजवळ दोनशे वर्षांत भारतीयांसाठी ते दार बंदच राहिले म्हटले तरी चालेल. हिंदुस्थानातला मनुष्य धर्मांतर करू शकतो, चर्च बांधू शकतो, धर्मप्रांताचा पाद्रीही होऊ शकतो, परंतु व्रतस्थ जीवनाची तालीम त्याला झेपावयाची नाही, असे युरोपातून आलेल्या बहुतेक संघांचे मत होते. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रू गोव्यात दीक्षा मिळेना म्हणून रोमला गेला, तेथे धर्मगुरू झाला आणि १६३७ साली बिशप होऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी परतला. याच तालमीच्या बळावर टॉमस स्टीफन्ससारखा इंग्रज जेझुइट रोमच्या नॉव्हिशिएटातून निघून १५७९ साली गोव्यात येतो, चाळीस वर्षे साष्टीच्या लोकांत राहतो आणि १६१६ साली मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध करतो. आणि ज्यांच्यासाठी त्याने ते रचले त्यांच्या मुलांना मात्र त्याच्याच संघात जागा नसते! मराठी भाषेने स्टीफन्सचे ऋण कृतज्ञतेने मानले आहे, ते मानावेच. परंतु या दुसऱ्या बाजूचा विसर पडू देणे त्या मुलांवर अन्याय करण्यासारखे आहे.

दार उघडत नाही असे पाहून गोव्याच्या काही धर्मगुरूंनी आपले घर आपणच बांधले. १६८० नंतरच्या दशकात जुन्या गोव्यात त्यांनी एकत्र राहावयास आरंभ केला, आणि बाणावलीचा जुझे वाझ १६८५ मध्ये त्यांना येऊन मिळाल्यावर त्या घराला ओरेटरीचे, म्हणजे एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंच्या संघाचे, रूप आणि शिस्त आली. त्यांना शिकविण्यासाठी कोणी युरोपीय आचार्य आला नव्हता. १६८७ मध्ये हा वाझ मजुराच्या वेषात सिंहलद्वीपात शिरला, डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केलेल्या त्या बेटावर पायी फिरून त्याने तेथील विखुरलेला समाज पुन्हा उभा केला, आणि १७११ साली कँडीत देह ठेवला. ज्यांना व्रतस्थ जीवन झेपावयाचे नाही म्हणून सांगितले गेले त्यांच्यातलाच हा पुरुष २०१५ साली संत म्हणून घोषित झाला, आणि ती घोषणा करणारा पोप येशूसंघाचा होता. पुढे १८९३ मध्ये तेराव्या लिओने हिंदुस्थानच्या पुत्रांनीच हिंदुस्थानचे धर्मगुरू व्हावे या उद्देशाने सेमिनरी काढली ती वाझच्या समाधीच्याच गावी, कँडीस. तीच १९५५ साली पुण्यात नगर रस्त्यावर आली, आणि तिच्या शेजारी येशूसंघाचे दे नोबिली कॉलेज उभे राहिले. आज तेथे आणि नाशिकच्या सालेशियन ‘दिव्यदान’ संस्थेत देशभरचे तरुण तत्त्वज्ञान शिकतात. नगर जिल्ह्यातल्या दलित ख्रिस्ती घरातला किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल पाड्यावरचा मुलगा या बाकावर कितपत सहज बसतो, हा प्रश्न मात्र संघांनी स्वतःला दरवर्षी विचारावा असा आहे. पेद्रो लुईसच्या काळी जे मत होते ते शब्द बदलून टिकून राहू शकते.

पहिल्या व्रतांनंतरची वर्षे अभ्यासाची आहेत आणि त्यांचा विस्तार येथे नको: भाषा-साहित्य, दोन-तीन वर्षे तत्त्वज्ञान, मग पुस्तके मिटून दोन-तीन वर्षे एखाद्या शाळेत किंवा आदिवासी भागातल्या केंद्रात प्रत्यक्ष काम, मग चार वर्षे ईश्वरविज्ञान, आणि त्याच्या शेवटाकडे गुरुदीक्षा. याच काळात अनेकजण बाहेर पडतात. आमच्याकडे अशा माणसाला ‘पळून आला’ म्हणण्याची रीत आहे, ती क्रूर आहे. आमच्या कारखान्यात पॅनवरचा जाणता कामगार काचेच्या पट्टीवर थोडासा नमुना घेऊन उजेडासमोर धरतो आणि दाणा कितपत बसला ते पाहतो. दाणा तो घडवीत नाही, उष्णता आणि रस सांभाळतो, आणि घाई केली तर भलताच बारीक दाणा पडून सारा पॅन बिघडतो. संघाच्या आचार्याचे काम मला याच जातीचे दिसते. दाणा धरला नाही असे वेळीच ओळखून कोणी प्रामाणिकपणे परतला तर त्या तालमीने आपले काम चोख केले असेच म्हटले पाहिजे, कारण खरी इच्छा ओळखावी एवढेच तिने पहिल्या दिवशी मागितले होते.

जो राहतो त्याच्यासाठी एक पायरी अजून शिल्लक असते. धर्मगुरू झाला, शिकवू लागला, लोक त्याला ‘फादर’ म्हणून उठून जागा देऊ लागले, की काही वर्षांनी संघ त्याला पुन्हा नवदीक्षित करून काही महिने एकांतात बसवितो. पुन्हा तीस दिवसांचे मौन, पुन्हा रुग्णसेवा, पुन्हा भांडी आणि झाडू. इतकी वर्षे बुद्धीची मशागत झाली, आता अंतःकरणाची शाळा, असे या तिसऱ्या परीक्षाकाळाचे प्रयोजन इग्नेशियसने सांगितले आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या विद्वानाला पहिल्या यत्तेत बसविणारी ही शाळा बार्सिलोनाच्या त्या बाकावरूनच आली यात मला शंका नाही. पोप फ्रान्सिस यांची कालगणना पाहावी: १९५८ साली संघात प्रवेश, १९६९ मध्ये गुरुदीक्षा, आणि अंतिम व्रते १९७३ साली, म्हणजे पहिल्या दिवसापासून पंधरा वर्षांनी.

त्या अंतिम व्रतांच्या दिवशी संघ प्रथमच आपल्या बाजूने शब्द देतो आणि व्यवहार दुतर्फी होतो. संसारी माणसाच्या हिशेबाने आता काही पदरात पडावयाचे. परंतु चौथे व्रत घेणारा सभासद त्याच वेळी आणखी काही वचने देतो. संघाच्या दारिद्र्याचा नियम मी कधी सैल होऊ देणार नाही, झालाच तर अधिक कडक. संघात मी कोणत्याही पदाची हाव धरणार नाही. संघाबाहेरही, पोपची आज्ञा झाल्यावाचून, बिशपपद किंवा दुसरा कोणताही मान स्वीकारणार नाही. मग तो आपल्या प्रांतप्रमुखाला विचारतो की आता मला कोठे जावयाचे आहे.